‘नट्स’ म्हणजे वेडा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी मालिका बघताना, परदेशी क्लायंटच्या कॉलवर किंवा अमेरिकेतल्या नातवंडांशी बोलताना हा शब्द कधी ना कधी कानावर पडतोच. मी सबटायटलचं काम करते, त्यामुळे माझ्याकडे तो सारखा येतो आणि त्यामागोमाग लोकांच्या शंकाही येतात. त्यातल्या नेहमीच्या शंका इथे एकत्र केल्या आहेत.

‘नट्स’चा नेमका अर्थ काय?

वेडा, येडा, डोकं फिरलेला. माणसाला म्हणता येतं तसंच कल्पनेला, किमतीला, गर्दीलाही म्हणता येतं. ‘ही इज नट्स’ म्हणजे ‘येडा आहे तो’. ‘द ट्रॅफिक वॉज नट्स’ म्हणजे ‘ट्रॅफिकने नुसता वैताग आणला’. दुसऱ्या वाक्यात वेडं कोणीच नाही, फक्त गोष्ट हाताबाहेर गेलेली आहे. रोजच्या वापरात हा दुसरा अर्थच जास्त भेटतो.

बदाम खाल्ले की बुद्धी वाढते म्हणतात. मग नट्स म्हणजे वेडा कसा?

परीक्षेच्या सकाळी भिजवलेले बदाम हातावर ठेवणाऱ्या घरांमधून हा प्रश्न येणारच. उत्तर असं, की या वेडाचा सुक्यामेव्याच्या गुणांशी काही संबंध नाही. इंग्रजीत दोन वेगळे ओढे वाहत होते, ते पुढे एकमेकांत मिसळले.

पहिला ओढा आनंदाचा. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये एखाद्याला मनापासून आवडणाऱ्या गोष्टीला ‘नट्स’ म्हणत, म्हणजे चंगळ, मेजवानी. तिथून अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘टू बी नट्स अपॉन’ हा प्रयोग रुळला. एखाद्यावर नट्स असणं म्हणजे त्याच्यावर फिदा असणं. दुसरा ओढा डोक्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ‘नट’ हा शब्द डोक्यासाठी वापरला जाऊ लागला. गोल, टणक, वरून कवच, तेव्हा उपमा समजण्यासारखी आहे. मग ‘ऑफ हिज नट’ म्हणजे डोकं ठिकाणावर नसलेला, असं १८६०च्या सुमाराला लोक बोलू लागले. एकीकडे फिदा होऊन भान हरपलेला आणि दुसरीकडे डोकं सुटलेला. या दोघांना एकच शब्द पुरला यात नवल नाही.

मराठी माणसाला तर हे समजावून सांगायलाच नको. आपलं ‘वेड’ दोन्ही कामं करतं. वेड लागलेला माणूस ठाण्याच्या इस्पितळातही असतो आणि नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेतही. ‘नाटकवेडा’, ‘इतिहासवेडा’, ‘क्रिकेटवेडा’ हे आपण कौतुकाने म्हणतो. इंग्रजीत नेमकं असंच ‘क्रिकेट नट’ म्हणतात.

हा नट-बोल्टमधला नट तर नाही ना? आपणही ‘नट ढिला आहे’ म्हणतो.

नाही. आपला ‘नट ढिला’ किंवा ‘स्क्रू ढिला’ हा यंत्राचा विनोद आहे, आणि इंग्रजीतही ढिल्या स्क्रूचा वाक्प्रचार वेगळा आहेच. फक्त नट-बोल्टमधल्या नटाला ते नावच मुळात कवचाच्या फळावरून पडलं, म्हणजे दोघे दूरचे भाऊबंद. नाटकातला नट मात्र पूर्ण वेगळ्या घराण्यातला, संस्कृत. त्याला यात ओढू नये, त्याच्यावर आधीच पुष्कळ आरोप होतात.

वाक्यात कसा वापरायचा?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. ‘नट्स’ दिसतो अनेकवचनी, पण काम विशेषणाचं करतो. एकाला म्हणा, दहांना म्हणा, रूप तेच: ‘शी इज नट्स’, ‘दे आर नट्स’. पण नामाच्या आधी चिकटवून ‘अ नट्स मॅन’ म्हटलं की ऐकणारा अडखळतो. तिथे ‘अ नट’ म्हणायचं, किंवा ‘नटकेस’. ‘नटी’ हे तिसरं रूप सौम्य आहे, विक्षिप्त पण निरुपद्रवी माणसासाठी. आपल्याकडे वाड्यात एखादे काका असायचे, उन्हाळ्यातही मफलर गुंडाळून मांजरांशी हिशेबावर बोलणारे, ते ‘नटी’. चॉकलेटच्या वेष्टनावरचं ‘नटी’ मात्र शब्दशः, म्हणजे आत दाणे आहेत एवढंच.

‘व्हेरी नट्स’ म्हणू नये, कानाला खटकतं. ‘कम्प्लीटली नट्स’, ‘ॲब्सोल्यूटली नट्स’ असं म्हणतात. वेडात थोडं-जास्त नसतं, असतं ते पूर्णच, असा भाषेचा हिशेब दिसतो.

क्रियापदाबरोबर तीन जोड्या लक्षात ठेवाव्यात. ‘ड्राइव्ह मी नट्स’ म्हणजे डोकं उठवणं: वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग, न थांबणारा कार अलार्म, तेच तेच विचारणारा माणूस. ‘नट्स अबाउट’ म्हणजे कशाच्या तरी प्रेमात वेडं असणं. आणि ‘गो नट्स’ याचे दोन अर्थ आहेत. एक, भडकणं किंवा बेभान होणं. ‘द क्राउड वेन्ट नट्स’ म्हणजे मैदान डोक्यावर घेतलं. दुसरा अर्थ परवानगीचा आहे आणि तोच लोकांना फसवतो.

बॉसला विचारलं, ‘मी या फाइलमध्ये बदल करू का?’ त्याने लिहिलं, ‘गो नट्स’. रागावलाय का?

अजिबात नाही. खूश आहे. ‘कर बाबा, तुला हवं ते कर’ एवढाच अर्थ. हिंजवडीत काम करणाऱ्या एका ओळखीच्या मुलीने हे उत्तर वाचून अख्खी दुपार फाइल उघडलीच नाही. संध्याकाळी समोरून विचारणा झाली, बदल कुठे आहेत? लेखी निरोपात सूर दिसत नाही, तेव्हा एक खूण सांगते. समोरच्याने काही मागितलं असेल आणि उत्तरात नुसतं ‘गो नट्स’ आलं, तर ती मुभा असते. रागाचा ‘नट्स’ सहसा प्रश्नाच्या रूपात येतो: ‘आर यू नट्स?’ त्याचं मराठी ‘भांग प्यायलास का?’

‘दिस टाइमलाइन इज नट्स’ असं क्लायंट म्हणाला. ही आपल्यावर टीका समजायची का?

वेळापत्रकावर आहे, तुमच्यावर नाही. बहुतेक वेळा तो तुमच्या बाजूनेच बोलत असतो. उत्तरात तुम्हीही ‘येस, इट्स नट्स’ म्हणू शकता. पण मीटिंगनंतरच्या ईमेलमध्ये ‘टाइट’ किंवा ‘अनरिअलिस्टिक’ लिहा. बोलताना चालतो म्हणून हा शब्द लेखी कागदावर चालत नाही, आणि ईमेल पुढे कोणाकोणाला जाईल ते सांगता येत नाही.

‘बनानाज’ म्हणजे पण हेच ना?

जवळजवळ. ‘बनानाज’ हा वेडाच्या अर्थाने बराच तरुण शब्द आहे. १९६०च्या दशकात अमेरिकी कॉलेजांतल्या पोरांच्या तोंडून तो पसरला. लोक लगेच माकड मध्ये आणतात. बेभान होण्यासाठी ‘गो एप’ हा प्रयोग त्याआधी होता, त्यामुळे तो तर्क अगदीच ओढूनताणून वाटत नाही. पण केळं हा शब्द इंग्रजी कानाला मुळातच हास्यास्पद वाटतो, आणि माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे.

फरक वापरात आहे. ‘बनानाज’मध्ये विनोद जास्त आणि धार कमी. ‘ही इज अ नट’ म्हणता येतं, ‘ही इज अ बनाना’ म्हणता येत नाही. का, ते पुढे एका प्रश्नात येतं.

खाण्यावरून वेडा म्हणणारे आणखी कोणते शब्द आहेत?

बरेच. ‘क्रॅकर्स’ हा ब्रिटिश. ऐकताना चहाबरोबरची खारी बिस्किटं आठवतात, पण हा मूळचा तडा गेलेल्या डोक्याचा शब्द आहे. आपण ‘क्रॅक आहे तो’ म्हणतो ना, त्याच कुळातला. शेवटचा ‘अर्स’ ब्रिटिशांच्या लाडिक सवयीचा. ‘फ्रूटकेक’ आला ‘फ्रूटकेकइतका नटी’ या विनोदातून, कारण त्या केकमध्ये दाणे ठासून भरलेले असतात. २००६ मध्ये ब्रिटनमधले हुजूर पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरन यांनी रेडिओवर यूकिप या तिथल्याच दुसऱ्या पक्षातल्या लोकांना फ्रूटकेक म्हटलं होतं आणि ते विशेषण त्या पक्षाला बरीच वर्षं चिकटून राहिलं. तुम्ही मात्र हा शब्द टाळा: अमेरिकेत ‘फ्रूट’ ही समलिंगी पुरुषांना दिलेली जुनी शिवी आहे आणि तिचा वास फ्रूटकेकलाही येतो.

‘डबा भरलाय पण पोळीच विसरली’ या धाटणीचेही प्रयोग आहेत. ‘सहलीला एक सँडविच कमी’ म्हणजे डोक्यात काहीतरी कमी. यात नवी भर कोणीही घालू शकतं, लोक घालतातही.

पण माझा सगळ्यात आवडता ‘बार्मी’. क्रिकेट बघणाऱ्यांनी हा हजार वेळा ऐकलेला असतो आणि तो खाण्यापिण्यातला आहे याची गंधवार्ता नसते. ‘बार्म’ म्हणजे बिअर आंबताना वर येणारा फेस. हाच फेस काढून पूर्वी पाव फुगवायला वापरत. ज्याच्या डोक्यात असा फेस फसफसतोय, ज्याचं मन एका जागी ठरत नाही, तो बार्मी. पुढे ऑस्ट्रेलियात १९९४-९५ची ॲशेस मालिका झाली. इंग्लंड ती ३-१ अशी हरलं, पण संघ मार खात असतानाही दिवसभर गात बसणारे, उन्हात भाजून निघालेले इंग्रज प्रेक्षक बघून ऑस्ट्रेलियन माध्यमांनी त्यांना ‘बार्मी आर्मी’ म्हटलं. त्यांनी ते नाव टीशर्टवर छापून घेतलं. पुढे ही फौज वानखेडेवरही येऊन बसली, कर्णे वाजवत. मार्च २००६ मध्ये इंग्लंडने तिथे भारताला २१२ धावांनी हरवलं, तेव्हा त्यांच्या वेडाला फळ आलं आणि आपली तोंडं उतरली.

जुन्या युद्धपटात सेनापती शत्रूला ‘नट्स’ असं उत्तर पाठवतो. तो शत्रूला वेडा म्हणतोय का?

नाही, आणि ही खरी घटना आहे. डिसेंबर १९४४. बेल्जियममधलं बास्टोन हे गाव जर्मन सैन्याने वेढलेलं, आत अमेरिकेची १०१वी एअरबोर्न डिव्हिजन. कडाक्याची थंडी, दारूगोळा संपत आलेला. डिव्हिजनचे मुख्य अधिकारी त्या वेळी अमेरिकेत होते, त्यामुळे सूत्रं ब्रिगेडियर जनरल अँथनी मॅकऑलिफ यांच्याकडे होती. २२ डिसेंबरला पांढरं निशाण घेऊन चार जर्मन आले, दोन अधिकारी आणि दोन शिपाई. हातात टंकलिखित निरोप: शरण या, नाहीतर तोफखाना तुम्हाला संपवेल. मॅकऑलिफ यांच्या तोंडून वैतागाने पहिला शब्द निघाला तो ‘नट्स’. औपचारिक उत्तर काय द्यायचं यावर खल सुरू झाला, तेव्हा एका सहकाऱ्याने सुचवलं की तुम्ही आत्ता जे म्हणालात तेच ठीक आहे. मग कागदावर तेवढंच टंकलं गेलं: जर्मन सेनापतीस, नट्स, अमेरिकी सेनापती.

तो कागद घेऊन गेले कर्नल जोसेफ हार्पर. इंग्रजी येणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याला काही बोध होईना. हे होकारार्थी आहे की नकारार्थी, असं त्याने विचारलं. हार्पर यांनी सांगितलं, साध्या भाषेत ‘खड्ड्यात जा’ असा याचा अर्थ. २६ तारखेला अमेरिकेचेच जनरल पॅटन यांच्या सैन्याने वेढा फोडला. बास्टोनच्या चौकाला आज मॅकऑलिफ यांचं नाव आहे, आणि डिसेंबरातल्या स्मरणसोहळ्यात तिथल्या नगरभवनावरून गर्दीवर अक्रोड उधळतात.

तेव्हा एकटा उभा असलेला, उद्गारवाचक ‘नट्स’ हा वेडाचा नव्हे. तो ‘हॅत्’, ‘खड्ड्यात जा’, ‘छे, गेलं सगळं’ यांच्या जवळचा. बस चुकली तरी जुने अमेरिकन लोक ‘ऑ, नट्स’ म्हणतात.

शब्द असभ्य आहे का?

वेडाच्या अर्थाने नाही. पण ‘नट्स’चा आणखी एक अर्थ आहे, पुरुषाच्या गुप्तांगाचा, आणि तो बायबापड्यांसमोर काढण्यासारखा नाही. गंमत अशी, की हॉलीवूडवर जेव्हा नीतिसंहितेचा बडगा होता, तेव्हा १९३९च्या निषिद्ध शब्दांच्या यादीत ‘नट्स’चा समावेश झाला, पुढे कंसात सवलत देऊन: ‘वेडा या अर्थी असल्यास चालेल’. सेन्सॉरने इतका बारीक विचार केल्याचं क्वचितच दिसतं.

खरोखर मानसिक आजार असलेल्या माणसाबद्दल वापरला तर?

वापरू नका. एवढं पुरे, पण उदाहरण देते. सप्टेंबर २००३ मध्ये ब्रिटनचे माजी हेवीवेट विजेते मुष्टियोद्धा फ्रँक ब्रुनो यांना मानसोपचारासाठी दाखल करावं लागलं. ‘द सन’ने पहिल्या पानावर ‘बॉन्कर्स ब्रुनो’ असा मथळा दिला. बॉन्कर्स हा नट्सचाच सख्खा भाऊ. लोक इतके संतापले की त्याच दिवशी नंतरच्या आवृत्तीत मथळा बदलावा लागला. ज्या गल्लीत हा शब्द ट्रॅफिकबद्दल हसत हसत वापरतात, त्याच गल्लीत आजारी माणसाबद्दल तो दगड ठरतो.

आपल्याकडेही ‘याला येरवड्याला टाका’, ‘ठाण्याचं तिकीट काढा’ हे विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांच्या दारात रांगेत उभे असलेले नातेवाईकही हे विनोद ऐकतात.

केळं किंवा नारळ म्हणून कोणाला हाक मारली तर?

इथे जरा जपून. परदेशात ‘बनाना’ हे पूर्व आशियाई वंशाच्या माणसाला मारलेलं बोट आहे: बाहेरून पिवळा, आतून गोरा. ‘कोकोनट’ आपल्यासारख्यांना आणि कृष्णवर्णीयांना: बाहेरून तपकिरी, आतून पांढरा. ब्रिटनमध्ये यावरून खटले उभे राहिले आहेत. २०२४ मध्ये लंडनच्या एका न्यायालयाने मोर्चात नारळाचं चित्र असलेला फलक धरणाऱ्या शिक्षिकेला निर्दोष सोडलं, पण तोवर तिला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्याच. म्हणून वेडासाठी ‘बनानाज’ वापरायचं तर शेवटच्या ‘ज’सकट वापरा.

मराठी सबटायटलमध्ये काय लिहायचं?

काहीही लिहा, ‘तो दाणे आहे’ लिहू नका. हसू नका, यंत्राने केलेल्या भाषांतरात मी ‘ती माझ्यासाठी काजू आहे’ हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

पात्र कुठलं आहे त्यावर ठरतं. मुंबई-पुण्याचा तरुण ‘येडा झालायस का?’ म्हणेल. कोल्हापूरकडचा ‘खुळा हाईस काय?’, विदर्भातला ‘भैताड आहे का बे?’. गोव्याकडे कोंकणीतला ‘पिसो’ आहे. जुन्या वळणाच्या शिक्षकाला ‘चक्रम’ शोभतो. ‘ड्राइव्ह मी नट्स’ला ‘डोक्याची मंडई केलीस’ इतकं चपखल काही नाही, आणि त्यात भाजीपालाही आपोआप येतो. प्रेमातल्या ‘नट्स अबाउट हर’साठी ‘तिच्यापायी खुळावलाय’. परवानगीच्या ‘गो नट्स’साठी ‘घाल गोंधळ’ किंवा ‘होऊ दे खर्च’, प्रसंग बघून. गर्दीच्या ‘वेन्ट नट्स’साठी ‘पब्लिक येडं झालं’.

वाक्य किती सेकंद पडद्यावर राहणार यावरही बरंच ठरतं. ‘येडायस?’ दोन अक्षरांच्या इंग्रजी शब्दाशी बरोबरी करतो. ‘तुझं डोकं ठिकाणावर आहे का?’ वाचून होईतो पात्र खोलीबाहेर गेलेलं असतं.

आपल्याकडे खाण्यावरून वेडा म्हणणारा शब्द आहे का?

नट्ससारखा नेमका एक शब्द नाही. पण खाणं आणि डोकं यांची सोयरीक भरपूर आहे. ‘डोकं खाऊ नको’, ‘मेंदूचं दही झालं’ (हे हिंदीतून आलं), ‘डोक्यात कांदे-बटाटे भरलेत का?’ शेवटचा प्रश्न वेडापेक्षा मठ्ठपणाबद्दल आहे. सगळ्यात रसाळ म्हणजे मुंबईचं ‘येडा बनून पेढा खाणे’. वेडेपणाचं सोंग घ्यायचं आणि लाभ उपटायचा. आधीपासूनची ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण तेच सांगते. पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी आजही आहे. इंग्रजी ‘नट्स’मध्ये हा कावा नाही. नट्स माणूस खरोखर फिरलेला असतो, पेढ्यासाठी नव्हे.

नातू न्यू जर्सीत वाढतोय. व्हिडिओ कॉलवर मला ‘आज्जी, यू आर नट्स’ म्हणाला. रागवावं का?

तो हसत होता ना? मग रागवू नका. तुम्ही काहीतरी भन्नाट बोललात, एवढंच त्याला म्हणायचं आहे. तिकडे मुलं आईवडिलांनाही असं म्हणतात आणि ते हसतात. मात्र त्याच्या आईला सांगा, सुट्टीत इकडे आल्यावर सातारच्या आजोबांना हे ऐकवू नकोस म्हणावं. त्यांना इंग्रजी चांगलं येतं.